शेवटच्या दारापर्यंत

[मूल आजारी पडले की आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो. परंतु जे मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका डॉक्टरला एकट्याने देता येत नाही. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांनी एकमेकांच्या साहाय्याने आणि लोकांना बरोबर घेऊन पोलिओशी कसा लढा दिला, आणि त्या लढ्यातून ते काय शिकले, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.]

रविवारची सकाळ होती. आमच्या उर्दू शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल मांडले होते. टेबलावर लसीची थंड पेटी होती. मी तेव्हा चौथीत शिकत होते. गुरुजींनी आम्हां मुलांच्या टोळ्या केल्या आणि सांगितले, "गल्लीगल्लीतून फिरा. पाच वर्षांखालील सर्व मुलांना घेऊन या."

आम्ही घोषणा देत निघालो. आमचे गाव यंत्रमागाचे. गल्ल्या अरुंद, घरे दाटीवाटीची आणि दिवसरात्र मागांचा खडखडाट. आमचा आवाज घरात पोहोचावा म्हणून आम्ही दारात उभे राहून ओरडत होतो. बहुतेक आया मुलांना घेऊन बाहेर आल्या. गल्लीच्या टोकाच्या घरातील खाला मात्र नातवाला कडेवर घेऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी थेंब द्यायला साफ नकार दिला.

आम्ही ही गोष्ट शाळेत येऊन सांगितली. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातील लहान मुलांचे डॉक्टर बूथवर मदतीला आले होते. ते उठले आणि आमच्याबरोबर खालांच्या दारी आले.

खाला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, राग मानू नका. ही नाली महिनाभर तुंबली आहे, कोणी आले नाही. गेल्या पावसाळ्यात या मुलाला जुलाब लागले, तेव्हा कोणी विचारले नाही. मग थेंब पाजायलाच सगळे पुन्हा पुन्हा माझ्या दारात का येतात?"

डॉक्टर क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाला, तुमचे म्हणणे खरे आहे. आधी या मुलाला पाहू द्या." ते उंबरठ्यावरच बसले. त्यांनी मुलाची छाती तपासली, डोळे पाहिले, वजन विचारले. जुलाब लागल्यावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे ते समजावून सांगितले आणि पुन्हा येण्याचे कबूल केले. थेंबांचे नावही त्यांनी काढले नाही. ते उठले तेव्हा खालाच म्हणाल्या, "आता थेंबही देऊन टाका."

हा प्रसंग मी विसरले नाही. पुढे मी शिक्षिका झाले, या विषयावर वाचू लागले आणि माझ्या लक्षात आले, की खालांनी विचारलेला प्रश्न त्या काळी देशातील हजारो दारांत विचारला जात होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच आपल्या डॉक्टरांना एक मोठा धडा मिळाला.

पोलिओ कसा होतो?

पोलिओ हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. हा विषाणू दूषित पाणी, अन्न किंवा अस्वच्छ हात यांच्यामार्फत तोंडावाटे शरीरात शिरतो आणि आतड्यांत वाढतो. ज्यांच्या शरीरात तो शिरतो, त्यांपैकी बहुतेकांना काहीही होत नाही. मात्र सुमारे दोनशे जणांमध्ये एखाद्याच्या मज्जातंतूंवर तो हल्ला करतो. मग हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. श्वासाचे स्नायू निकामी झाले तर मृत्यूही ओढवतो. या रोगावर इलाज नाही. त्यापासून केवळ लसच वाचवू शकते.

जेथे पाणी अस्वच्छ, नाल्या उघड्या आणि वस्ती दाट, तेथे हा विषाणू वेगाने पसरतो. म्हणजेच गरीब वस्तीतील मुलाला श्रीमंत वस्तीतील मुलापेक्षा धोका अधिक असतो. दोन्ही मुले सारखीच गोजिरवाणी असतात. फरक असतो तो त्यांच्या दारापुढील नालीत आणि त्यांच्या घरातील पाण्यात.

डॉक्टर एकत्र आले

बालरोगतज्ज्ञ म्हणजे केवळ लहान मुलांवर उपचार करणारे डॉक्टर. आपल्या देशात पूर्वी त्यांच्या दोन वेगवेगळ्या संघटना होत्या. १९६३ साली त्या एकत्र आल्या आणि 'इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स' ही संस्था निर्माण झाली. पुढे शहरोशहरी तिच्या शाखा निघाल्या. एरवी प्रत्येक डॉक्टर आपापल्या दवाखान्यात काम करतो. एकाच गावातील दोन डॉक्टरांत थोडीफार स्पर्धाही असते. परंतु शाखेच्या बैठकीत ते एकत्र बसू लागले आणि आपापले अनुभव एकमेकांना सांगू लागले. एका दवाखान्यात न दिसणारी गोष्ट दहा दवाखान्यांचे हिशेब एकत्र मांडल्यावर स्पष्ट दिसते.

तामिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. टी. जेकब जॉन हे बालरोगतज्ज्ञ आणि विषाणुशास्त्रज्ञ काम करीत होते. १९७० नंतरच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. परदेशांत पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीच्या तीन मात्रा मुलांना पुरत होत्या. आपल्याकडे मात्र तीन मात्रा घेऊनही अनेक मुलांच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नव्हती. म्हणून आपल्या मुलांना अधिक मात्रा द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. एका ठरावीक दिवशी गावातील सर्व मुलांना एकदम लस देण्याची पद्धतही वेल्लोर शहरात वापरून पाहण्यात आली. तेथे तिचा चांगला उपयोग झाला.

याच पद्धतीला 'पल्स पोलिओ' असे म्हणतात. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत ही मोहीम राबवण्यात आली आणि १९९५ साली ती सर्व देशभर सुरू झाली. पुढे एकेका फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना थेंब पाजले जाऊ लागले. सरकारी कर्मचारी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, रोटरी क्लबचे सभासद आणि खाजगी डॉक्टर असे सगळे या कामाला लागले. लस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण केली जाई.

लुळा पाय लपता कामा नये

लस देणे हे अर्धे काम होते. विषाणू कोठे लपला आहे हे शोधणे हे उरलेले अर्धे काम होते. त्यासाठी १९९७ साली पोलिओवर नजर ठेवणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिचा नियम साधा होता. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ज्या डॉक्टरला ते दिसेल त्याने ताबडतोब कळवायचे. तो पोलिओ आहे की नाही, याचा निर्णय त्याने स्वतः करायचा नाही.

खबर मिळताच अधिकारी त्या मुलाच्या घरी जात. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत मुलाच्या शौचाचे दोन नमुने, किमान चोवीस तासांच्या अंतराने, घेतले जात. बर्फात ठेवून ते प्रयोगशाळेत पाठवले जात. मुंबईत परळ येथेही अशी प्रयोगशाळा होती.

या कामात मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञांपासून मोहल्ल्यातील छोट्या दवाखान्यापर्यंत सर्वांची साथ लागली. अनेक कुटुंबे आधी हकीमांकडे किंवा वैद्यांकडे जातात, म्हणून त्यांनाही या साखळीत सामील करून घेण्यात आले. साखळीतील एक कडी तुटली असती, तरी एखादे मूल नजरेआड राहिले असते.

एवढे करूनही मुले का राहिली?

इतके प्रयत्न होऊनही २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी १२४२ एकट्या उत्तर प्रदेशातील होते. रुग्णांत गरीब मुस्लिम वस्त्यांतील मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. असे का झाले?

पहिले कारण म्हणजे अफवा. थेंबांमुळे मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी खोटी बातमी पसरवण्यात आली होती. परंतु सगळा दोष लोकांच्या अज्ञानावर टाकणे योग्य नव्हते. त्या वस्त्यांत साध्या तापाचे औषध मिळत नव्हते, नाल्या वाहत होत्या आणि थेंबांचे पथक मात्र वारंवार येत होते. ज्यांनी कधी विचारपूस केली नाही, ते अचानक एवढी काळजी का करू लागले, अशी शंका लोकांना येणे स्वाभाविक होते. आमच्या गल्लीतील खालांची शंकाही हीच होती.

दुसरे कारण शरीरातील होते. ज्या मुलांना वारंवार जुलाब होतात, ज्यांच्या आतड्यांत इतर जंतूंनी ठाण मांडलेले असते आणि ज्यांना पोटभर सकस अन्न मिळत नाही, त्यांच्यावर तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणाम कमी होतो. थेंब तेच, पेटी तीच, परंतु परिणाम मात्र वेगळा!

येथे आपण थोडे थांबून विचार करू. वर्गात फळ्यावरचे अक्षर सर्व मुलांसाठी एकाच आकाराचे असते. म्हणून शिक्षकांनी सर्वांना सारखेच शिकवले, असे म्हणता येईल. पण ज्या मुलाची नजर अधू आहे, त्याला पहिल्या बाकावर बसवावे लागते. त्याला चश्मा मिळाला की नाही, हेही पाहावे लागते. तसे केले तर इतरांवर अन्याय होत नाही. उलट तसे न करणे हाच त्या मुलावर अन्याय होय. आरोग्याचेही असेच आहे. सर्वांना दोन थेंब देणे ही समानता झाली. ज्याला दोन थेंब पुरत नाहीत, त्याच्यासाठी आणखी काही करणे ही समन्यायी वागणूक झाली.

दारात उभे राहणे आणि घरात बसणे

२००३ पासून उत्तर प्रदेशात कामाची पद्धत बदलली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्थांनी पुढाकार घेतला. तेथील शिक्षक, डॉक्टर आणि विद्यार्थी वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलू लागले. उलेमांनी आवाहने केली. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून बूथची माहिती दिली जाऊ लागली. वस्तीतीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवण्यात आले. परक्या माणसाला बाहेरूनच परत लावणारी घरे या शेजारणींना आत बोलावून बसवीत. मुलांच्या 'बुलावा टोळ्या' गल्लीतून फिरत आणि लहान भावंडांना बूथवर आणीत.

डॉक्टरांनी थेंबांबरोबर आरोग्य शिबिरेही घेतली. तेथे तापाचे, खोकल्याचे, जुलाबाचे मूल तपासून औषध दिले जाई. लोकांनी मागितलेली गोष्ट आधी दिली, म्हणून लोकांनी देऊ केलेली लसही घेतली.

लसीतही सुधारणा झाली. २००५ साली एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्ध अधिक परिणामकारक असलेली लस वापरात आली. २०१० साली दोन प्रकारांविरुद्ध एकत्रित लस आली. २००९ साली उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१, असे सर्वांत धोक्याचे १०७ तालुके निवडण्यात आले. त्या ठिकाणी केवळ थेंब देऊन कोणी थांबले नाही. स्वच्छ पाणी, शौचालये, हात धुण्याची सवय, आईचे दूध, जुलाबावर क्षार-साखरेचे पाणी आणि झिंकच्या गोळ्या, तसेच इतर सर्व लसी यांवर एकदम भर देण्यात आला. खालांनी तुंबलेल्या नालीविषयी जे सांगितले होते, ते अखेर आरोग्याच्या योजनेत लिहिले गेले!

परिणाम लवकरच दिसला. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० साली ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात अठरा महिन्यांच्या एका मुलीला पोलिओ झाला. तिला एकदाही थेंब मिळाले नव्हते. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तो शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

धडा पुन्हा गिरवावा लागतो

एकदा शिकलेला धडा विसरला तर काय होते, हे आपल्या महाराष्ट्रात २०२२ साली दिसले. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतील गोवंडी भागात गोवराची साथ पसरली. मालेगाव आणि भिवंडी येथेही अनेक मुले आजारी पडली. काही बालके दगावली. करोनाच्या काळात अनेक मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान घ्यायची असते. ती ज्यांना मिळाली नव्हती, त्यांच्यातच साथीने ठाण मांडले. या वेळीही रोगाने दाट आणि गरीब वस्त्याच निवडल्या.

तेव्हा जुना अनुभव उपयोगी पडला. ताप आणि अंगावर पुरळ असलेले प्रत्येक मूल कळवावे, असे खाजगी डॉक्टरांना सांगण्यात आले. घरोघर पाहणी झाली. आजारी मुलांना जीवनसत्त्व 'अ' च्या मात्रा देण्यात आल्या. साथीच्या भागांत लसीची एक जादा मात्रा देण्यात आली. मौलाना आणि मोहल्ल्यातील प्रतिष्ठित मंडळी यांनी लोकांना समजावले. ज्या वस्तीत लोकांचा ओळखीचा डॉक्टर पुढे आला, तेथे दारे लवकर उघडली.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचाही वाटा आहे. आज घरी गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडांची लसीकरणाची कार्डे काढून पाहा. एखादी तारीख चुकली असेल तर आईला वाचून दाखवा. शेजारच्या घरात कोणाला कार्ड वाचता येत नसेल, तर तेही वाचून द्या. मराठीत छापलेले कार्ड आणि उर्दू बोलणारी आई यांच्यामधील पूल तुम्हीच होऊ शकता. दुसरी भाषा शिकण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

आमचे ते डॉक्टर कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या आठवड्यात खरोखरच खालांच्या घरी आले. नाली मात्र लगेच साफ झाली नाही. ती साफ व्हावी म्हणून मोहल्ल्यातील लोकांनी अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही डॉक्टरांनी केली आणि दुसऱ्या ओळीत खालांनी आपला अंगठा उमटवला.

शब्दार्थ

बालरोगतज्ज्ञ - लहान मुलांच्या रोगांचे जाणकार डॉक्टर
विषाणू - रोग पसरवणारा अतिसूक्ष्म घटक
दूषित - घाण मिसळलेले
मज्जातंतू - शरीरात संदेश वाहून नेणारे तंतू
लुळा - हालचाल करण्यास असमर्थ
प्रतिकारशक्ती - रोगाशी लढण्याची शरीराची ताकद
मात्रा - एका वेळी द्यायचे औषधाचे प्रमाण
समन्यायी - प्रत्येकाची गरज ओळखून न्याय देणारी
ठाण मांडणे - पक्के बस्तान बसवणे
दगावणे - मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पोलिओचा विषाणू शरीरात कसा शिरतो?
(२) पल्स पोलिओ मोहीम देशभर केव्हा सुरू झाली?
(३) भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण कोठे आढळला?
(४) लस घेतलेल्या मुलाच्या कोणत्या बोटावर खूण केली जाई?

प्र. २. प्रत्येकी चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) खालांनी थेंब देण्यास नकार का दिला? डॉक्टरांनी त्यांचा विश्वास कसा मिळवला?
(२) सारखेच थेंब देऊनही सर्व मुलांवर सारखा परिणाम का झाला नाही?
(३) लुळेपणाची खबर देण्याच्या साखळीत हकीमांना का सामील करून घेतले?

प्र. ३. फरक स्पष्ट करा : समानता आणि समन्यायी वागणूक. आपल्या शाळेतील एक उदाहरण द्या.

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
इलाज, हिशेब, खबर, दवाखाना, शंका (या पाचांपैकी एक शब्द उर्दूतून आलेला नाही. तो ओळखा व त्याला उर्दूत काय म्हणतात ते सांगा.)

प्र. ५. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
(१) नजरेआड राहणे (२) पुढाकार घेणे (३) ठाण मांडणे

उपक्रम : आपल्या गल्लीतील पाच घरांतील लहान मुलांची लसीकरणाची कार्डे पाहा. कोणती लस केव्हा द्यायची याचा तक्ता मराठीत व उर्दूत तयार करा आणि वर्गात लावा.